वाचक विचारतात: पगार वाढवायला सरकारची परवानगी कशाला?

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या रात्री खांबावर चढणाऱ्या लाइनमन लोकांवर लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आली. बरीचशी आपापल्या गावातल्या वायरमनच्या आठवणींची होती. पण एक पत्र आलं अमेरिकेतून आणि त्याने मला आठवडाभर कामाला लावलं, म्हणून यावेळचं सदर त्याच विषयाला दिलंय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गाव देते.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ओहायोत कोलंबसला असतो. इथे शेजारच्या एका गॅरेज सेलमध्ये जुन्या कागदांचा खोका घेतला, त्यात १९४३ सालचा टाइप केलेला एक अर्ज निघाला. एका छोट्या वीज कंपनीने 'वॉर लेबर बोर्डा'कडे लाइनमन, हेल्पर, मीटर रीडर वगैरेंचा पगार तासाला काही सेंट वाढवायची परवानगी मागितलीय. खाली कंपनीची सही आहे आणि युनियनचीही. मला कळेना, पैसे कंपनीचे, द्यायला ती तयार, घ्यायला कामगार तयार, मग परवानगी कसली? आणि 'जानेवारी १, १९४१ चा दर' असा एक वेगळा रकाना आहे तो कशासाठी?

दादा, तो कागद जपून ठेवा, फेकू नका.

आधी परवानगीचं बघू. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि साधारण महिनाभराने, म्हणजे १२ जानेवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने नॅशनल वॉर लेबर बोर्ड नेमलं. बारा जण, चार कामगारांचे, चार मालकांचे, चार जनतेचे, बोर्डाचे अध्यक्ष विल्यम डेव्हिस. सुरुवातीला त्यांचं काम भांडणं मिटवायचं होतं, म्हणजे संप होऊ द्यायचे नाहीत, कारखाने चालू राहिले पाहिजेत. पण त्याच वर्षी भाव असे वर जायला लागले की नुसती भांडणं मिटवून भागेना, कारण लोकांच्या हातात ओव्हरटाइमचा पैसा आला आणि दुकानात माल नाही, सगळा माल युद्धाला चाललेला. मग २ ऑक्टोबर १९४२ ला काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, भाव आणि पगार जागेवर ठेवायचा स्टॅबिलायझेशन कायदा केला आणि दुसऱ्या दिवशी रूझवेल्टचा हुकूम निघाला, की यापुढे कुठलाही मालक बोर्डाला विचारल्याशिवाय पगार वाढवणार नाही. कामगाराने मागितला म्हणून नाही आणि मालकाला स्वतःला द्यावासा वाटला म्हणूनही नाही. आठ किंवा त्याहून कमी माणसं असलेल्या धंद्यांना बोर्डाने यातून सोडलं होतं, बाकी बहुतेक सगळे आत.

आणि हे नुसतं सांगण्यापुरतं नव्हतं हां. जाणूनबुजून नियम मोडला तर एक हजार डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. शिवाय असा बिनपरवानगीचा पगार कंपनीला टॅक्ससाठी खर्च म्हणून दाखवता यायचा नाही, आणि मालकाला खरी भीती याचीच होती.

आता तुमचा १ जानेवारी १९४१ चा रकाना. सगळी गोष्ट त्या रकान्यात आहे. १९४२ च्या उन्हाळ्यात चार पोलाद कंपन्यांची केस बोर्डापुढे आली, बेथलहेम, रिपब्लिक, यंग्सटाउन आणि इनलँड. बड्या पोलाद कंपनीच्या मानाने लहान म्हणून त्यांना 'लिटल स्टील' म्हणायचे. कामगारांनी दिवसाला एक डॉलर वाढ मागितली होती. बोर्डाने १६ जुलैला निकाल दिला तो ४४ सेंटचा. आणि ते ४४ सेंट ज्या हिशोबातून आले तो हिशोब पुढे सगळ्या देशाला लागू झाला: जानेवारी १९४१ ते मे १९४२ या काळात राहणीमानाचा खर्च साधारण १५ टक्के वाढला, म्हणून १ जानेवारी १९४१ च्या दरावर १५ टक्क्यांपर्यंत वाढ द्यायची, त्यापुढे नाही.

आता हे तुमच्या वीज कंपनीला लावून बघा. समजा लाइनमनला १ जानेवारी १९४१ ला तासाला एक डॉलर मिळत होता. पंधरा टक्के म्हणजे एक डॉलर पंधरा सेंट ही वरची हद्द. मधे १९४१ च्या कराराने दहा सेंट आधीच वाढले असतील तर उरले फक्त पाच सेंट, आणि मधे पंधरा सेंट वाढले असतील तर त्या कारणाखाली एक सेंटही नाही, मग बाजारात लोणी आणि मटण कितीला मिळतंय याच्याशी काही संबंध नाही. आणि हा हिशोब एकेका माणसाचा नसायचा, त्या गटाच्या सरासरी दराचा असायचा. म्हणून अर्जात प्रत्येक हुद्दा, त्यावर किती माणसं, तेव्हाचा दर, आत्ताचा दर, मागितलेला दर असं सगळं भरावं लागायचं. या अर्जाला 'फॉर्म १०' म्हणायचे, तुमच्या कागदावर कुठेतरी तो आकडा दिसेल बघा. तो जवळच्या वेज अँड अवर ऑफिसात, म्हणजे पगार आणि कामाचे तास बघणाऱ्या सरकारी ऑफिसात द्यायचा, तिथून गरज पडली की प्रादेशिक बोर्डाकडे जायचा. तुमच्या ओहायोचं प्रादेशिक बोर्ड क्लीव्हलँडला होतं. जिथे युनियन होती तिथे दोघांनी मिळून अर्ज करायचा, म्हणून त्या दोन सह्या. रोज एकमेकांशी भांडणारी दोन माणसं एकाच कागदावर सही करून तिसऱ्याकडे जातात, मला तो कागद त्यासाठीच फार मोलाचा वाटतो.

प्रश्न: (याच वाचकाचा) पण कंपनी एवढी उदार कशी? मालक स्वतःहून पगार वाढवायला धडपडतोय हे पटत नाही.

उदारपणाचा प्रश्न नव्हता, माणसं निघून चालली होती. जहाजाच्या गोद्या, विमानाचे कारखाने, दारूगोळ्याचे कारखाने सगळ्यांना इलेक्ट्रिकची कामं येणारे लोक हवे होते, तिथे ओव्हरटाइम भरपूर, आणि जे तरुण ते सैन्यात. खांबावर चढून चालू लाइनवर काम करणारा माणूस काही दोन महिन्यांत तयार होत नाही. माझे वडील लाइनमन होते त्यामुळे हे मी ऐकून नाही, बघून सांगतेय. आमच्या घरी दाराच्या मागे त्यांचा कातडी पट्टा टांगलेला असायचा, त्याचा जो भाग खांबाला घासायचा तो काळा आणि गुळगुळीत झालेला, आणि रोज सकाळी निघायच्या आधी ते तो पट्टा दोन्ही हातात धरून ताणून बघायचे, शिलाई नखाने चाचपायचे, मग खांद्यावर टाकायचे. पंचवीस वर्षं एकही दिवस चुकवलं नाही. हाताखाली पोरगा आला की पहिलं वर्षभर त्याला वर चढूच द्यायचे नाहीत, खाली उभा राहून दोरीने पक्कड आणि इन्सुलेटर वर पाठवायचे आणि वर बघत राहायचं, एवढंच काम. असा माणूस तीन सेंट जास्तीसाठी गोदीत गेला की कंपनीने काय करायचं?

दुसरं कारण पैशाचं आहे आणि ते सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. युद्धकाळात जास्तीच्या नफ्यावर तिथे ९० टक्के टॅक्स होता, पुढे तो ९५ झाला. म्हणजे ज्या कंपनीचा नफा त्या पट्ट्यात जात होता तिने एक डॉलर पगारात दिला तर तिच्या खिशातून खरे जाणार ते दहा सेंट, बाकीचे तसेही सरकारकडेच जाणार होते. म्हणूनच सरकारला मालकावरही लक्ष ठेवावं लागलं, नाहीतर माणसं पळवापळवीत पगार कुठल्या कुठे गेले असते.

पण वीज, गॅस, पाणी, ट्राम यांची एक अडचण होती जी कापडाच्या किंवा बुटाच्या कारखान्याला नव्हती. त्यांचे दर राज्याचं कमिशन ठरवतं. आणि १९४२ च्या त्या कायद्यात मुद्दाम घातलेलं होतं की सार्वजनिक सेवेच्या कंपनीने १५ सप्टेंबर १९४२ चे दर सरसकट वाढवायचे असतील तर ३० दिवस आधी केंद्र सरकारला कळवायचं आणि सरकारला त्या सुनावणीत येऊन विरोध करू द्यायचा. वर असंही होतं की पगारवाढीमुळे किंमत वाढवावी लागणार असेल तर नुसत्या बोर्डाचा होकार पुरत नाही, आर्थिक स्थैर्याच्या डायरेक्टरचीही मंजुरी लागते. त्या खुर्चीत आधी जेम्स बर्न्स होते, १९४३ च्या मे पासून फ्रेड व्हिन्सन. म्हणजे लाइनमनचे पाच सेंट वाढवायचे तर कंपनीला आधी सांगावं लागणार की लोकांचं बिल वाढवणार नाही. तुमच्या अर्जात असं काही वाक्य आहे का बघा.

प्रश्न: तुम्ही लिहिता ते वाचून वाटतं सगळे अर्ज पंधरा टक्क्यांवर आपटून परत येत असतील. मग लोक अर्ज करायचेच कशाला? (वाचिका, सांगली. ताईंनी वरच्या पत्राबद्दल फेसबुकवर आधी लिहिलं होतं, त्यावरून विचारतेय.)

सगळे नाही. पंधरा टक्के हे एकच दार होतं, अजून होती, आणि युनियनची हुशारी ती दारं शोधण्यातच गेली.

एक म्हणजे पगार इतका कमी असेल की त्यात धड जगता येत नाही, तर वाढ मिळायची. तासाला ४० सेंटपर्यंत वाढवायला बोर्डाने आधीच मोकळीक दिली होती, नंतर ती हद्द ५० आणि शेवटी ५५ सेंट झाली. याचा उपयोग झाडूवाले, हेल्पर, ऑफिसातली कारकून मंडळी यांना झाला, लाइनमनला नाही.

दुसरं, शेजारच्या कंपनीत त्याच कामाला जास्त मिळतं हे दाखवणं. हे दार एप्रिल १९४३ मध्ये रूझवेल्टच्या 'होल्ड द लाइन', म्हणजे भाव-पगार आहेत तिथेच रोखा, या हुकमाने जवळजवळ बंद केलं, कामगारांनी आरडाओरड केली, तेव्हा मे महिन्यात ते परत किलकिलं झालं: त्या भागात त्या कामाचे जे रुळलेले दर आहेत त्यांच्या पट्ट्यात सगळ्यात खालच्या टोकापर्यंत आणता येईल, असं. तुमचा अर्ज १९४३ चा आहे, तो एप्रिलच्या आधीचा का नंतरचा यावर त्याचं नशीब बरंचसं अवलंबून असणार.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये बोर्डाने सांगितलं की पुरुषाइतकंच आणि तसंच काम बाई करत असेल तर तिचा दर त्याच्या दराला आणून ठेवायला आमची आगाऊ परवानगी नको. तेव्हा पुरुष सैन्यात गेल्यावर मीटर रीडिंगला बायका जायला लागल्या होत्या, दारोदार, तळघरात उतरून, वही घेऊन. लक्षात घ्या की मालकावर सक्ती नव्हती, फक्त वाट मोकळी केली होती, पण ज्या सरकारने बाकी सगळ्यांचे पगार कुलपात ठेवले त्याने हे एक कुलूप लावलं नाही याचं मला फार वाटतं.

आणि चौथं, जे तासाच्या दरात मोजलंच जात नव्हतं. त्या कायद्यात पगाराची जी व्याख्या होती तिच्यातून वाजवी प्रमाणातला विमा आणि पेन्शन बाहेर ठेवलेले होते. मग काय, पगार वाढवता येत नाही तर विमा द्या, पगारी रजा द्या. वर्षाच्या नोकरीला एक आठवडा आणि पाच वर्षांना दोन आठवडे रजा हे बोर्ड सहसा मान्य करायचं. अमेरिकेतल्या आपल्या मराठी पोरांना नोकरी सुटली की पहिली धास्ती इन्शुरन्सची वाटते ना, तर आजारपणाचा विमा नोकरीला बांधला जाण्याची जी अनेक कारणं आहेत त्यातलं एक मोठं कारण हे युद्धातलं पगाराचं कुलूप आहे.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. पगार रोखणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. भाव आणि पगार एकमेकांच्या मागे धावत सुटले की सगळ्यात आधी मेला तो रोजंदारीवाला आणि पेन्शनवाला. पण पगार रोखायचा असेल तर भावही तितक्याच जोराने रोखले पाहिजेत, आणि तिथे मेख आहे. जानेवारी १९४४ मध्ये कामगारांच्या बाजूने जॉर्ज मीनी आणि आर. जे. थॉमस यांनी हिशोब मांडला की जानेवारी १९४१ पासून खर्च ४३.५ टक्के वाढलाय, सरकारी आकडा होता २३.४. सरकारी तज्ज्ञांनी तो मोठा आकडा मान्य केला नाही, पण मी म्हणते सरकारी आकडाच खरा धरा ना, तोही पंधराच्या वर आठ टक्के आहे! आणि फॉर्म्युला तिथेच, पंधरावर. ज्याला ओव्हरटाइम मिळाला त्याचं घर चाललं, ज्याचं काम ठरलेल्या तासांचं त्याची झीज झाली.

दुसरी गोष्ट उशिराची. युद्ध संपेपर्यंत बोर्डाकडे असे राजीखुशीचे चार लाखांच्या वर अर्ज गेले. चार लाख! किती माणसं लागतील ते वाचायला. माझ्या वडिलांचा एकदा करार झाला आणि त्याचे पैसे हातात यायला दोन वर्षं गेली. 'फरक' मिळणार, 'फरक' मिळणार एवढंच आम्ही लहानपणी ऐकायचो, आईने किराणावाल्याला, शिवणकामवालीला, शाळेच्या फीला सगळ्यांना तेच सांगितलेलं, फरक आला की देते. आला तेव्हा पूर्ण आला, एक पैसा कमी नाही, पण त्या दोन वर्षांत सावकाराला गेलेलं व्याज कुणी दिलं नाही. म्हणून तुमच्या अर्जावर तारीख आणि मंजुरीची तारीख दोन्ही असतील तर मला कळवा, मला मधले महिने मोजायचेत.

प्रश्न: वीज कामगार युद्धात संपावर गेले का कधी? आणि आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? (वाचक, नाशिक, निवृत्त ऑपरेटर)

काका, गेले. सगळ्यात गाजलेला लॉस एंजेलिसचा, फेब्रुवारी १९४४. तिथलं वीज आणि पाणी खातं शहराच्या मालकीचं, आणि बोर्डाने १९४२ सालीच ठरवलेलं की नगरपालिकांच्या कामगारांचे तंटे आपल्या अधिकारात येत नाहीत. म्हणजे खाजगी कंपनीच्या लाइनमनला निदान अर्ज करायला एक दार होतं, शहराच्या लाइनमनने सगळं शहरापुढेच मांडायचं. पगारावरून संप झाला, त्या भागात विमानांचे कारखाने, शेवटी रूझवेल्टने २३ फेब्रुवारीला हुकूम काढला आणि लष्कराने खात्याचा ताबा घेतला. आठवडाभरात लाइनी सुरळीत होऊन ताबा परत गेला. कुणी म्हणेल युद्धात संप करणं बरोबर नाही, मला ते कळतं, आघाडीवर त्यांचीच पोरं होती. पण ज्याचं ऐकायला कुणी बसवलेलंच नाही त्याने काय करायचं, हे आधी विचारायला हवं.

आपल्याकडे रस्ता वेगळा होता. इथे मूळ पगाराला फारसा हात न लावता वर महागाई भत्ता द्यायची पद्धत पडली. मुंबईत गिरणी कामगारांनी मार्च १९४० मध्ये त्यासाठीच मोठा संप केला. पुढे जानेवारी १९४२ मध्ये भारत संरक्षण नियमांत ८१-अ आला, त्याने सरकारला संपबंदी करायचा आणि तंटा निवाड्याला पाठवायचा अधिकार दिला. युद्ध संपलं पण त्यातलं बरंच १९४७ च्या औद्योगिक तंटे कायद्यात आलं, आणि वीज, पाणी, दिवाबत्ती या 'सार्वजनिक उपयुक्त सेवा' झाल्या, त्या कायद्याखाली तिथे संपाची नोटीस आधी द्यावीच लागायची, नोटीस दिल्यावर १४ दिवस थांबावंच लागायचं. तुम्ही नोकरीत असताना गेटवर लावलेली नोटीस पाहिली असेल, तिचं मूळ त्या युद्धात आहे. फरक एवढाच की आपल्याकडे मालकाला स्वखुशीने पगार वाढवायला दिल्लीला फॉर्म पाठवावा लागला नाही.

प्रश्न: (कोलंबसचे दादा, शेवटचा) या अर्जाचं पुढे काय झालं ते शोधता येईल का? आणि ही परवानगी कधी संपली?

संपली ती टप्प्याटप्प्याने. जपान शरण आला आणि १८ ऑगस्ट १९४५ च्या हुकमाने मालकांना सांगितलं गेलं की किंमत वाढवून मागणार नसाल तर पगार बिनपरवानगी वाढवा. बोर्ड स्वतः ३१ डिसेंबर १९४५ ला बंद झालं. आणि दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, १९४६ साली अमेरिकेत संपांची जी लाट आली तशी त्याआधी कधी आली नव्हती.

अर्जाचं म्हणाल तर बोर्डाची दप्तरं राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, रेकॉर्ड ग्रुप २०२ म्हणून विचारा. कंपनीचं नाव, गाव आणि अर्जावरची केस नंबरची ओळ लिहून पाठवा, ते लोक उत्तर देतात. सगळीच कागदपत्रं राहिली असतील असं नाही, पण विचारायला काय जातंय.

आणि एक काम माझं करा. मीटर रीडरच्या ओळीचा फोटो काढून पाठवा. तिथे दोन दर लिहिलेत का एकच, एवढंच बघायचंय मला.